चौथी चिठ्ठी

१

पेटी रिकामी होती.

दुर्गेश्वरी फुंडे यांनी आत हात घालून चारही कोपरे चाचपले. बोटांना धूळ लागली, एक वाळलेला कोळी लागला. कागद नव्हता.

"पाहा मॅडम," मुख्याध्यापक भोजराज हुकरे म्हणाले, "मी सांगतलंच होतं. आपल्या शाळेत तक्रारच नाही."

दुर्गेश्वरीबाईंनी बोटांची धूळ पुसली. त्या अर्जुनी मोरगावच्या पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. चौदा किलोमीटर स्कूटी चालवून त्या हिरडीटोल्याच्या या माध्यमिक विद्यालयात आल्या होत्या, आणि त्यांनी येणार म्हणून कळवलं नव्हतं. भोजराज सर त्यांना फाटकातच भेटले. सर मोटारसायकलवरून उतरत होते. बाईंनी त्यांना खोलीत जाऊ न देता थेट व्हरांड्यातल्या तक्रार पेटीपाशी आणलं होतं. सरांनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक छोटी किल्ली लावली आणि पेटी उघडली.

त्याच सकाळी बाईंच्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली होती. अनुसयाबाई मेश्राम. नवरा हैदराबादला बांधकामावर, ही इथं मजुरीवर. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

"मायी पोरगी खुशबू नववीत हाय," ती म्हणाली होती. "शाळेतल्या पोरी तिले लय त्रास देऊन राहिल्या. तुमीच म्हणता ना, पेटीत चिठ्ठी टाका, नाव फुटत नाही? तिनं चार टाकल्या. एकीचंबी उत्तर नाही आलं. अना चिठ्ठी टाकली का दोन दिवसांत त्याच पोरी तिची चिठ्ठी तिलेच म्हणून दाखवतेत. नाव कसं काय फुटलं? मले एवढंच पुसायचं हाय."

पेटी दर शुक्रवारी चार वाजता उघडायची, असा नियम होता. खुशबूनं चौथी चिठ्ठी परवा, सोमवारी दुपारच्या सुट्टीत टाकली होती. आज बुधवार. शुक्रवार अजून यायचा होता.

दुर्गेश्वरीबाईंनी डोक्यातली पिन काढून सरळ केली, आपलीच एक चिठ्ठी पेटीच्या फटीतून आत टाकली आणि ती पिनेनं ओढून बघितली. फटीच्या आत पत्र्याची तिरपी पट्टी होती. कागद आत जायचा, बाहेर यायचा नाही.

"सर, या पेटीच्या किल्ल्या किती?"

"एकच. हे मायाजवळ."

"आणि सोमवारपासून तुम्ही ती उघडली नाही?"

"कशी उघडीन?" सरांचा आवाज चढला. "सोमवार-मंगळवार मी गोंदियाले ट्रेनिंगले होतो. जुडगा मायाच खिशात होता. आत्ताच त येऊन राहिलो, तुमच्यासमोर."

बाईंनी पेटीकडे पाहिलं. पेटीचा पत्रा गंजलेला होता. त्यावरचं पितळी कुलूप मात्र चकचकीत होतं, त्यावर एक ओरखडा नव्हता.

सोमवारी दुपारी आत पडलेला कागद बुधवारी सकाळी आत नव्हता. आणि ज्याच्याकडे किल्ली होती तो माणूस ऐंशी किलोमीटर दूर होता.

२

खुशबूचं घर शाळेपासून पाच किलोमीटरवरच्या टोलीत, एका छोट्या वस्तीत, होतं. अंगणात धानाचा पेंढा रचलेला. खुशबू पेंढ्याला टेकून बसली होती. हात पायांभोवती गुंडाळलेले, नजर जमिनीवर.

दुर्गेश्वरीबाई आमगावकडच्या, याच जिल्ह्यातल्या. ऑफिसातली भाषा त्यांनी फाटकातच ठेवली.

"मी काही लिहून नाही घेत," त्या म्हणाल्या. "तुले वाटलं त सांग. नाही वाटलं त मी चाय पिऊन जातो."

चहा झाला. मग खुशबूच बोलली.

"मी नळावर पाणी पेली का त्या नळ धुतेत. रिंकू अना तिच्या दोघी मैतरिणी. सगळ्यायसमोर. मंग पेतेत."

दुर्गेश्वरीबाईंनी मान हलवली नाही की 'अरेरे' म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "रिंकू म्हणजे?"

"संस्थेच्या सचिवाची पोरगी."

"हे तू पहिल्या चिठ्ठीत लिहिलं?"

"हो. दुसरीत लिहिलं का संडासात कोंडलं होतं. तिसरीत लिहिलं का माया डबा चपलायच्या जागी ठेवतेत."

"आणि त्या तुले ते म्हणून दाखवतेत. कशा म्हणतेत? जसं म्हणतेत तसंच सांग. एक शब्द बदलू नको."

खुशबूनं डोळे मिटले. कविता म्हणावी तशा सुरात तिनं म्हटलं, "'मला नळावर पाणी पिऊ देत नाहीत. मी पाणी प्यायले की त्या नळ धुतात, मग पितात.' असं म्हणतेत अना टाळ्या वाजवतेत. फाटकापासून वर्गापर्यंत."

"चिठ्ठी लिहिताना कोणाले दाखवली?"

"नाही. पहिल्या तीन आधी वहीत कच्च्या लिहिल्या, मंग उतरवल्या." तिनं घरातून एक वही आणली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'मले नळावर पाणी पिऊ देत नाही. मी पाणी पेली का त्या नळ धुतेत, मंग पेतेत.'

"ही वही शाळेत नेतेस?"

"नाही. घरीच राहते."

"आणि चौथी?"

खुशबूनं वही मिटली.

"चौथी शाळेतच लिहिली. सुट्टीत. टाकली अना पायी घरी आली. तवापासून गेली नाही."

"चौथीत काय होतं?"

ती उठली आणि घरात गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. अनुसयाबाई दाराशी जाऊन उभी राहिली, मग परत आली.

"मलेबी नाही सांगितलं तिनं," ती हळूच म्हणाली. "मॅडम, मले भेव वाटते. रात्रभर जागी राहते."

३

गुरुवारी सकाळी दुर्गेश्वरीबाईंनी मुख्याध्यापकांच्या शेजारची खोली मागून घेतली आणि एकेकाला बोलावलं.

आधी भोजराज सर. बाईंनी आदल्या दिवशीच गोंदियाला फोन करून खात्री केली होती. सर दोन्ही दिवस प्रशिक्षणात हजर होते, पहिल्या रांगेत, फोटोतही होते. तरी बाईंच्या मनातून ते गेले नव्हते, कारण त्यांच्यापुढे पेटीची नोंदवही उघडी होती. प्रत्येक शुक्रवारी एकच शब्द: निरंक. खाली सरांची सही.

"सर, उद्या तारीख किती?"

"बारा."

"मग बारा तारखेपुढे 'निरंक' आजच कसं लिहिलंय? आणि सहीसुद्धा?"

सरांनी नोंदवही स्वतःकडे ओढली. "मॅडम... खोटं नाही सांगत. दर शुक्रवारी उघडतच होतो असं नाही. चार-पाच हप्त्याच्या सह्या एकदम करून ठेवतो. पेटीत काही निघतच नव्हतं."

"निघत नव्हतं की निघू द्यायचं नव्हतं?"

"मी आळशी असन," ते एकदम म्हणाले, "पण लेकरायच्या चिठ्ठ्या चोराले मी कोण हाव?"

बाईंनी त्यांना जायला सांगितलं. पण त्यांच्या नावापुढची संशयाची खूण पुसली नाही.

मग शिपाई नंदलाल. पन्नाशीचा, कमी बोलणारा. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला.

"पेटीची सोडून," तो लगेच म्हणाला.

"पेटी व्हरांड्यात, तुमचा स्टूल व्हरांड्यात. सोमवार-मंगळवारी पेटीजवळ कोण गेलं?"

"मी पाहत नाही बसत, मॅडम."

"पोरी नळ धुतात ते पाहिलं?"

नंदलालनं मान खाली घातली. "पाहिलं."

"कोणाला सांगितलं?"

"सचिवायची पोरगी हाय," तो म्हणाला. "मी कोणाले सांगू?"

तो उठला तेव्हा कमरेच्या किल्ल्या त्यानं मुठीत घट्ट धरल्या होत्या. भीतीनं की लाजेनं, हे बाईंना कळेना.

तिसऱ्या आल्या रुची मॅडम. मूळच्या वर्ध्याच्या, तीन वर्षांपासून इथं मराठी शिकवणाऱ्या, खुशबूच्या वर्गशिक्षिका. खुशबूचं नाव निघताच त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या वर्गातली सर्वांत हळवी मुलगी आहे हो ती. तीन दिवस आली नाही तेव्हाच मला चुकल्यासारखं झालं. पण तिला कोणी त्रास देतं याची मला खरंच कल्पना नव्हती. माझ्यापर्यंत काही आलंच नाही. मला एक शब्द बोलली असती तरी..."

"तक्रार पेटीत तिनं काही टाकलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"टाकलं असतं तर सापडलं असतं ना? त्या पेटीसाठी मीच मागे लागले होते. जुनं कुलूप पावसात गंजलं, तर नवं मीच अर्जुनीच्या बाजारातून आणून बसवलं. या शाळेत कोणाला कशाचं काही पडलेलं नाही, मॅडम."

नंदलाल दारात आला. "मॅडम, चाय आणली."

"चहा आणला, नंदलाल," रुची मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं?" आणि बाईंकडे पाहून ओशाळं हसल्या. "सवयच लागली आहे. घरीही कोणाला नीट बोलू देत नाही मी."

जाताना त्या दारात थांबल्या. "खुशबूला एक निरोप द्याल? म्हणावं, अभ्यासाची काळजी करू नकोस. विज्ञानाची वही मी कोणाची तरी मिळवून देईन, आपण दोघी बसून पुन्हा उतरवून काढू. परीक्षेपर्यंत होईल सगळं."

त्या दिवसभरात खुशबूच्या भल्याचं बोलणारं हे पहिलंच माणूस होतं. दुर्गेश्वरीबाईंना बरं वाटलं.

बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. फाटकात एक पांढरी गाडी येऊन थांबली. संस्थेचे सचिव इंद्रकुमारजी कोहमाऱ्याहून आले होते. तिथं हमरस्त्यावर त्यांचा ढाबा होता. खुर्ची ओढून ते बसले.

"मॅडम, ये लड़कियों का आपसी मामला है. पोरी पोरीत होतंच. आपण मोठ्या लोकांनी त्याला कागदावर आणायचं नसते. शाळेचं नाव खराब झालं तर दीडशे पोरांचं नुकसान आहे."

"मी अजून कोणत्याच मुलीचं नाव घेतलं नाही, साहेब."

"पण मले ठाऊक आहे, मायी रिंकू असं काही..."

ते थांबले.

"रिंकूवर तक्रार आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

इंद्रकुमारजींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गावात बोलतात लोक."

त्याच वेळी दुर्गेश्वरीबाईंचा फोन वाजला. अनुसयाबाई होती. तिला धड बोलता येत नव्हतं.

"मॅडम, पोरगी घरी नाही. सायकलबी नाही. धान भरडाले गेली होती मी, आली त दार उघडं..."

४

टोलीतली माणसं आधी तलावाकडे धावली होती. अनुसयाबाई तलावाच्या बांधावर उभी राहून पाण्याकडे पाहत होती आणि कोणी हात धरला तर झटकून टाकत होती. दुर्गेश्वरीबाईंनी स्कूटी थांबवली.

"सायकल कोणती?" त्यांनी विचारलं.

"निळी. समोर जाळी हाय."

"इथं कुठं सायकल नाही, अनुसयाबाई. ती सायकल घेऊन गेली, म्हणजे कुठंतरी पोचायला गेली. चला, मागे बसा."

शाळेकडच्या रस्त्यावर एकच फाटा होता, तोही नहराचा, कालव्याकडचा. पाटबंधाऱ्याच्या नहराला लागून रस्ता पुलापर्यंत जायचा, तिथून एसटीचा रस्ता. त्यांनी पुलापर्यंत स्कूटी दामटली. पुलाच्या कठड्याला निळी सायकल टेकवलेली होती.

अनुसयाबाई ओरडली. त्या आवाजानं पुलाखालच्या गवतातून एक डोकं वर आलं.

खुशबू गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. हातांवर गवतानं चिरा पडल्या होत्या. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर फक्त त्रासिक भाव होता, काम अर्धवट असताना कोणी हाक मारावी तसा.

"काऊन आली इथं?" अनुसयाबाईनं तिला छातीशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. "काऊन आली, बाई?"

"वही पाहून राहिली," खुशबू म्हणाली.

"कायची वही?"

ती पुन्हा गवतात वाकली. दुर्गेश्वरीबाई चिखलात उतरल्या, तिच्या शेजारी गवत बाजूला करू लागल्या. बघता बघता दोघी दहा पावलं पुढं गेल्या. मग खुशबूनं गवताकडे बघतच सांगितलं.

"विज्ञानाची. सोमवारी सकाळी एसटीत रिंकूनं मायाजवळून ओढली अना पुलावरून खिडकीबाहेर फेकली. जूनपासूनचं सगळं त्यात होतं. आकृत्या होत्या. विज्ञानाचे सर म्हणत होते जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवू. आईले सांगितलं असतं त तिनं शाळाच सोडाले लावली असती."

"एसटीत कोणी पाहिलं?"

"आमी मागच्या सीटवर होतो. त्या तिघी अना मी."

"मंग तू कोणाकोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही. चिठ्ठीत लिहिली फक्त. चौथ्या चिठ्ठीत."

दुर्गेश्वरीबाईंचा हात गवतातच थांबला.

विज्ञानाची वही मी कोणाची तरी मिळवून देईन. आपण दोघी बसून पुन्हा उतरवून काढू.

वही हरवल्याचं त्या बाईला कोणी सांगितलं होतं?

५

शुक्रवारी चार वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. भोजराज सर, नंदलाल, रुची मॅडम, इंद्रकुमारजी आणि दाराजवळ अनुसयाबाई. नंदलालनं खुर्चीवर बसायला नको म्हटलं. बाईंनी त्याला बसवलं.

"पेटी उघडायची वेळ झाली आहे," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या. "पण आज आधी मी बोलते.

"दोन प्रश्न होते. चिठ्ठ्या गेल्या कुठं, आणि त्यातला मजकूर त्या मुलींपर्यंत पोचला कसा. दुसऱ्यापासून सुरुवात करू. खुशबूनं चिठ्ठीत लिहिलं, 'मले नळावर पाणी पिऊ देत नाही.' मुली तिला म्हणून दाखवतात, 'मला नळावर पाणी पिऊ देत नाहीत.' ती लिहिते 'पेली', त्या म्हणतात 'प्यायले'. आता मला सांगा, कोणाची टिंगल करायची असेल तर आपण तिचे शब्द सुधारून घेतो की जास्तच वाकडे करतो? या मुली स्वतः घरी 'मले'च म्हणतात. त्यांच्या हातात चिठ्ठी पडली असती, किंवा घरातली कच्ची वही पडली असती, तर त्यांनी 'मले'च म्हटलं असतं. म्हणजे त्यांनी चिठ्ठी वाचली नाही. त्यांनी ती ऐकली. आणि ज्या तोंडातून ऐकली त्या तोंडाला 'मले' म्हणता येत नाही."

भोजराज सरांनी मान वर केली. "मी त मलेच म्हणतो," ते पुटपुटले.

"तुम्ही, नंदलालभाऊ, सचिव साहेब, सगळेच. आता कुलूप. सरांची किल्ली सोमवार-मंगळवार गोंदियात होती. फटीतून कागद निघत नाही. कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे ते दुसऱ्या किल्लीनं उघडलं. बाजारात नवीन कुलूप घेतलं तर सोबत किल्ल्या किती येतात, नंदलालभाऊ?"

"दोन," नंदलाल म्हणाला. "कधी तीन."

"सरांना मिळाली एक. कुलूप आणणाऱ्याजवळ दुसरी राहिली."

रुची मॅडम ताठ बसल्या होत्या. "मॅडम, मी कुलूप आणलं म्हणून? आणि शुद्ध बोलते म्हणून? याला काय पुरावा म्हणायचं?"

"नाही," दुर्गेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या. "तेवढ्यावर मी कोणाचं नाव घेतलं नसतं. पण काल तुम्ही म्हणालात, खुशबूला कोणी त्रास देतं याची तुम्हाला कल्पनाच नव्हती. आणि दारातून वळून म्हणालात, विज्ञानाची वही पुन्हा उतरवून काढू. खुशबूची वही सोमवारी सकाळी नहरात गेली. तिनं आईला सांगितलं नाही, मैत्रिणीला सांगितलं नाही. एका कागदावर लिहिलं आणि पेटीत टाकलं. तो कागद वाचल्याशिवाय तुम्हाला कसं कळलं, मॅडम, की तिच्याजवळ वही नाही?"

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, पोरांचा गलका झाला.

रुची मॅडम उठल्या. त्या पळून जातील असं भोजराज सरांना वाटलं असावं, ते अर्धवट उभे राहिले. पण त्या शेजारच्या शिक्षक खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि चाचणीच्या पेपरांचा एक गठ्ठा घेऊन परत आल्या. गठ्ठ्याच्या मधून त्यांनी चार कागद काढून टेबलावर ठेवले.

"फाडले नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही. मला फाडवेनात."

दुर्गेश्वरीबाईंनी पहिला कागद उलगडला. नववीतल्या मुलीचं दाटीवाटीचं अक्षर, आणि त्यावर लाल शाई. 'मले' खोडून वर 'मला'. 'पेली' खोडून 'प्यायले'. 'धुतेत' खोडून 'धुतात'. समासात एक बाण, ऱ्हस्व-दीर्घाची खूण.

"हात आपोआप गेला," रुची मॅडमचा आवाज फुटला. "तीन वर्षं झाली, माझ्या नेमणुकीची मान्यता अडकलेली आहे. सचिव साहेब म्हणाले, पेटीत काही आलं तर आधी मला सांगायचं, मग बाकीचं. नळाचं बाहेर गेलं तर शाळा बंद पडेल म्हणाले. मी फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, ते मुलीला रागावतील, गुपचूप मिटेल. खरंच तसं वाटलं."

सगळे इंद्रकुमारजींकडे पाहू लागले.

"रागावलो ना!" ते म्हणाले. "फोन स्पीकरवर टाकला, रिंकूले समोर बसवलं. म्हटलं, सुन, तेरे बारे में क्या लिखा है. तिनं असं करावं हे मी सांगतलं नव्हतं."

"तीनदा फोन आला. पहिल्यांदा काय झालं ते दुसऱ्यांदा तुम्हाला ठाऊक नव्हतं?" बाई रुची मॅडमकडे वळल्या. "आणि तुम्हाला? फाटकापासून वर्गापर्यंत त्या मुली तुमचीच वाक्यं म्हणत जायच्या. तुम्ही वर्गशिक्षिका."

रुची मॅडमनी चौथा कागद बाजूला सरकवला. त्या म्हणाल्या, "चौथी मी कोणाला वाचून दाखवली नाही. ती वाचल्यावर नाही दाखवू शकले."

"पण खुशबूलाही काही म्हणाला नाहीत."

"नाही."

इंद्रकुमारजी घसा साफ करून अनुसयाबाईकडे वळले. आवाज मऊ केला. "ताई, झालं ते झालं. मुलीचं भलं पाहू. अर्जुनीच्या मोठ्या शाळेत आजच नाव घालून देतो. बसचा पास, पुस्तकं, सगळं मायाकडे लागलं."

अनुसयाबाई काही बोलायच्या आत दाराबाहेरून आवाज आला. खुशबू तिथं उभी होती. आईनं बाहेर थांब म्हटलं होतं, ती थांबली नव्हती.

"मी काऊन जाऊ?" ती म्हणाली. "मी काय केली?"

६

चौकशी पुढचे पंधरा दिवस चालली. अनुसयाबाई त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेली आणि नळाच्या प्रकाराची रीतसर फिर्याद देऊन आली. बरोबर दुर्गेश्वरीबाई होत्या, पण फिर्याद तिनंच सांगितली. रुची मॅडमना आणि भोजराज सरांना कामावरून दूर करून त्यांची खातेचौकशी लागली. इंद्रकुमारजींनी दोनदा वरून फोन करवले. दुर्गेश्वरीबाईंनी दोन्ही फोन वेळेसकट अहवालात लिहिले, त्यानंतर फोन आले नाहीत.

मुलींचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याहून एक समुपदेशक बाई आल्या. खुशबूनं एकच मागणं केलं. रिंकूला एक गोष्ट विचारायची होती. समुपदेशक बाईंनी आधी रिंकूला विचारलं, मग दोघींना समोरासमोर बसवलं. पालक भिंतीला लागून.

"तू नळ काऊन धुवत होतीस?" खुशबूनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रिंकूनं खांदे उडवले. मग नखं खरवडली. नखांकडे बघतच ती म्हणाली, "धानाच्या रोवणीच्या बाया घरी येतेत ना. त्या पाणी पेल्या का आई मले नळ धुवाले लावते. लहान होती तवापासून."

इंद्रकुमारजी भिंतीशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या रिंकूच्या आईनं पदर ओढून घेतला आणि तोंड खिडकीकडे केलं.

"वही मी लिहून देईन," रिंकू म्हणाली.

"नको," खुशबू म्हणाली. "माया अक्षरात पाहिजे मले."

तेवढंच बोलणं झालं. दोघींची मैत्री झाली नाही. पण सोमवारी खुशबू एसटीतून उतरून शाळेत गेली तेव्हा फाटकाजवळ कोणी काही म्हणत नव्हतं, आणि दुपारच्या सुट्टीत नंदलाल आपला स्टूल उचलून नळाजवळ येऊन बसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अहवाल पूर्ण करायला दुर्गेश्वरीबाई शनिवारी दुपारी ऑफिसात एकट्या बसल्या. दोषी व्यक्तींच्या रकान्यात तीन नावं लिहून झाली होती. जोडपत्रासाठी शाळेच्या जुन्या तपासणीचे कागद हवे होते, म्हणून त्यांनी कपाटातून फाईल काढली. सप्टेंबरच्या भेटीचा छापील नमुना वर आला. वर्गखोल्या, शौचालय, पोषण आहार. अकराव्या क्रमांकावर: 'तक्रार पेटी कार्यरत आहे काय? प्राप्त तक्रारी?' पुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'होय. निरंक. समाधानकारक.'

खालची सही त्यांचीच होती.

त्यांना तो दिवस आठवला. त्या दिवशी चार शाळा करायच्या होत्या. पेटी भिंतीवर दिसली होती, त्यांनी ती उघडायला सांगितली नव्हती. तारखेवरून त्यांनी हिशेब केला. खुशबूची पहिली चिठ्ठी त्याच्या आदल्या दिवशी पडली होती.

खिडकीबाहेर रेल्वे फाटक लागलं होतं, गाड्या थांबल्या होत्या. मग त्यांनी पेन उचललं, रकान्यात चौथा क्रमांक घातला आणि त्यापुढे आपलं नाव लिहिलं, पदनामासकट.